शारजातून मुखत्यारपत्र पाठवायचंय: वकिलातीत सही करण्याआधी काय काय बघावं?

तासगावची | ९ जून, रात्री ११.१०

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली, अकरा वर्षं शारजात नर्स आहे. वडील गेल्या दिवाळीनंतर गेले. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आई, भाऊ, धाकटी बहीण आणि मी अशी चार नावं चढली. द्राक्षबागेचं कर्ज थकलंय. लागोपाठ दोन वर्षं छाटणीनंतर पाऊस लागला आणि हाती काही आलं नाही. बागेच्या वरच्या अंगाला एक एकर जिरायत आहे, ती विकून कर्ज फेडायचं असं घरात ठरलंय. मला ते मनापासून मान्य आहे.

खरेदीखताला मला येता येणार नाही, रजा शिल्लक नाही. भावानं वकिलाकडून मुखत्यारपत्राचा मसुदा करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. "भारतीय वकिलातीत जाऊन सही कर आणि कुरिअरनं पाठव," म्हणतो. शारजाच्या माणसानं दुबईला जायचं की अबुधाबीला? स्टॅम्प पेपर भारतातून मागवायचा का? साक्षीदार कोण चालतात? आणि कागद सांगलीत पोचल्यावर पुढं काय? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पलूस_ते_दुबई | १० जून, सकाळी ७.२५

ताई, शारजा दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतं. अबुधाबीचा दूतावास अबुधाबीच्या रहिवाशांसाठी. अर्ज आता बहुतेक बाहेरच्या सेवा केंद्रात घेतात, आधी वेळ ठरवून जायचं.

मूळ पासपोर्ट, त्याच्या झेरॉक्स, एमिरेट्स आयडी, फोटो आणि दोन साक्षीदार, त्यांच्या मूळ ओळखपत्रांसह. स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या पांढऱ्या कागदावर छापायचं. एकच गोष्ट जपा, घरी सही करून जाऊ नका. मी २०१९ मध्ये सगळ्या पानांवर सह्या करून ऐटीत गेलो आणि तसाच परत आलो. अधिकारी दाखला देतात तो "ही सही माझ्यासमोर झाली" याचा. ती त्यांच्यासमोरच व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी साक्षीदारांना पुन्हा रजा टाकायला लावली, त्याचं फार वाईट वाटलं.

वाईकर | १० जून, दुपारी २.०५

मी इंग्लंडमध्ये आहे आणि आता ब्रिटिश नागरिक आहे, ओसीआय कार्ड आहे. साताऱ्यातल्या सदर बझारच्या फ्लॅटसाठी मी उच्चायुक्तालयात गेलोच नाही. इथल्या नोटरी पब्लिकसमोर सही केली, मग तो कागद मिल्टन कीन्सला ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या कार्यालयात पाठवून त्यावर अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा दाखला, घेतलं. साताऱ्यात तो चालला. ताई, तुम्हालाही तो मार्ग सोपा पडेल का बघा.

कृष्णाकाठ | १० जून, रात्री ९.४०

वाईकर, तुमचा मार्ग बरोबर आहे पण ताईंना तो नाही. अपोस्टिल हा १९६१ च्या हेग कराराचा दाखला. भारत त्यात २००५ पासून आहे, ब्रिटन आणि अमेरिकाही आहेत. आखातात ओमान, बहरीन आणि सौदी अरेबिया आहेत, पण संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही. म्हणून शारजाच्या माणसाला वकिलातीचाच सरळ रस्ता.

मी दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे जिथं दस्त नोंदवतात तिथं, लिपिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, आता कराडात असतो. परदेशातून आलेली मुखत्यारपत्रं पुष्कळ हाताखालून गेली. त्यात नेमकं कुठं अडतं ते लिहितो.

नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम ३३. लिहून देणारा भारतात राहत नसेल तर त्याचं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारताचा वाणिज्य दूत किंवा उपदूत, नाहीतर केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यापैकी कोणासमोर तरी झालेलं आणि त्यानं साक्षांकित केलेलं हवं. वाणिज्य दूताला हा अधिकार १९४८ च्या कायद्यानं मिळालाय. पण त्याचा शिक्का फक्त सहीपुरता असतो. आतल्या मजकुराची जबाबदारी दूतावास घेत नाही. पुष्कळ लोक समजतात की सरकारी शिक्का आला म्हणजे कोणीतरी मजकूर तपासला. तो वाचायची जबाबदारी सही करणाऱ्याचीच.

दुसरं म्हणजे मुद्रांक. परदेशात झालेला कागद राज्यात पहिल्यांदा पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं कलम १८. सांगलीत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून कागदावर किती शुल्क बसतं ते ठरवून घ्यायचं, याला अभिनिर्णय म्हणतात. भरणा ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर ई-चलनानं होतो. कुरिअरचं पाकीट फेकू नका. कागद कधी पोचला याचा पुरावा तेच असतं. कागद कपाटात पाच महिने ठेवून मग धावत आलेली माणसं मी पाहिलीत. दंड तर भरावा लागतोच, वर खरेदीदार तोवर दुसरीकडे जातो.

सख्ख्या भावाला, आईवडिलांना, नवराबायकोला मोबदला न घेता विक्रीचा अधिकार दिला तर शुल्क ५०० रुपये. परक्या माणसाला तोच अधिकार दिला तर खरेदीखतासारखं बाजारभावावर शुल्क. म्हणून मुखत्यारपत्रात नातं स्पष्ट लिहा, "माझा सख्खा भाऊ" असं.

तिसरं नाव, आणि लेकींच्या कागदात ते हमखास अडतं. सातबाऱ्यावर माहेरचं नाव असतं, पासपोर्टवर नवऱ्याचं. दूतावास पासपोर्ट बघणार, दुय्यम निबंधक सातबारा बघणार. म्हणून मुखत्यारपत्रात "अमुक उर्फ तमुक" अशी दोन्ही नावं घाला आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. ताई, तुमचं काय आहे ते आत्ताच तपासा.

तासगावची | १० जून, रात्री १०.१५

काका, सातबाऱ्यावर वडिलांचंच नाव लागलंय, पासपोर्टवर सासरचं. मसुद्यात फक्त सासरचं आहे. तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

विटा_गलाई | ११ जून, सकाळी ६.५०

जरा वेगळं पण उपयोगी. आमची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळायची, भट्टी तमिळनाडूत, घर विट्याला. परदेशात नाही, तरी गावी येणं जमत नाही ही अडचण सारखीच. आम्हाला वाटलं तिथल्या नोटरीचा शिक्का पुरे. विट्यात कळलं की भारतात राहणाऱ्यानं दस्त सादर करायचा अधिकार द्यायचा असेल तर तो राहतो त्या भागातल्या दुय्यम निबंधकासमोरच मुखत्यारपत्र व्हावं लागतं. गलाईवाले देशभर पसरलेत, त्यांनी हे ध्यानात ठेवा.

आटपाडीची_लेक | ११ जून, रात्री ८.३०

ताई, सगळ्यांनी कसं करायचं ते सांगितलं. मला एक विचारायचंय. मसुद्यात नेमकं लिहिलंय काय? फक्त ती एक एकर विकायचा अधिकार आहे, की सगळ्याचा?

विचारायचं कारण सांगते. बारा वर्षांपूर्वी मी परदेशात असताना मला असाच एक कागद आला. घराच्या वीजमीटरचं आणि घरपट्टीचं नाव बदलायचं आहे, एवढंच फोनवर सांगितलं. कागद चार पानांचा, मराठीत, टाइप केलेला. बाळ सहा महिन्यांचं होतं, दूतावासाच्या रांगेत कडेवर रडत होतं. मी शेवटच्या पानावर सही केली आणि निघाले. तीन वर्षांनी गावी आले तेव्हा सातबाऱ्यावर माझं नाव नव्हतं. त्या कागदाच्या आधारे माझ्या वतीनं हक्कसोडपत्र झालं होतं. कायद्यानं सही माझीच होती. जमिनीचं दुःख आहेच, पण विचारलं असतं तर मी कदाचित आनंदानं दिली असती, हे जास्त लागतं. भाऊबिजेला आता फोनही होत नाही.

तुमचा भाऊ तसा असेल असं मी मुळीच म्हणत नाही. पण मसुदा वाचा. प्रत्येक ओळ वाचा.

तासगावची | ११ जून, रात्री ११.५०

ताई, तुमचं वाचून बराच वेळ तशीच बसले. आत्ता मसुदा पूर्ण वाचला. त्यात असं आहे: "माझ्या मालकीच्या व वहिवाटीच्या सर्व स्थावर व जंगम मिळकती विकणे, गहाण देणे, बक्षीस देणे, हक्कसोडपत्र करून देणे, बँक खात्यांचे व्यवहार करणे, किंमत ठरवणे व स्वीकारणे. सदरचे मुखत्यारपत्र कोणत्याही कारणास्तव रद्द करता येणार नाही."

भाऊ तसा नाही. वडील आजारी असताना आठ महिने त्यानंच सगळं केलं, मी इथून फक्त पैसे पाठवत होते. आता त्याला "हा मजकूर बदल" म्हणायचं कसं?

शिराळा_पेठ | १२ जून, सकाळी ८.००

ताई, माझं मत थोडं वेगळं आहे. घरातल्या माणसावर इतका संशय घेतला की नाती तुटतात. कागद करायला साक्षीदार, सुट्टी, फी सगळं लागतं. दर कामाला नवा कागद कोण करणार? मी माझ्या थोरल्या भावाला सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र पंधरा वर्षांपूर्वी दिलंय. त्यानं आजवर एक पै इकडची तिकडं केली नाही. गावी राहून जो माणूस तलाठ्याकडे, बँकेत, सोसायटीत खेटे घालतो, त्याचे हात आपण बांधायचे नाहीत.

कृष्णाकाठ | १२ जून, दुपारी १२.२०

शिराळकर, तुमच्या भावाबद्दल आदर आहे आणि गावी राहणाऱ्याचे कष्ट परदेशी राहणाऱ्याला दिसत नाहीत हेही खरं. पण हा संशयाचा प्रश्न नाही. सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र भावाच्याही अंगावर येतं. उद्या जमिनीवरून वाद झाला तर "तू बहिणीच्या अधिकारात काय काय केलंस" याचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. कागदात एकच गट नंबर असेल तर एकच हिशोब. भाऊ त्यात निर्धास्त राहतो. नोकरीत असताना मी दोन्ही बाजूंची माणसं टेबलासमोर रडताना पाहिलीत, सही करणारीही आणि मुखत्यारही.

ताई, तुमच्या कामाला खास मुखत्यारपत्र पुरतं. त्यात एवढं असू द्या. गाव, गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा. काम फक्त त्या गटाच्या विक्रीचं: खरेदीखतावर सही, दुय्यम निबंधकासमोर कबुली, फेरफाराला लागणारे अर्ज आणि जबाब. कमीत कमी किंमत किती ते आकड्यात. गहाण, बक्षीस, हक्कसोड हे शब्द काढून टाका. "रद्द करता येणार नाही" हे वाक्य तर राहताच कामा नये. मुदत घाला, वर्षभराची.

आणि पैसे. तुमच्या हिश्श्याची रक्कम खरेदीदारानं थेट तुमच्या एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) भरावी असं मुखत्यारपत्रातही लिहा आणि खरेदीखतातही. पुढं तुम्ही ती कर्जाला द्या, आईला द्या, तो तुमचा निर्णय.

अजून एक. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं आलेली ठेवता येते. विकताना मात्र ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो. खरेदीदाराचा शेतकरी असल्याचा पुरावा भावाला आधीच मागून ठेवायला सांगा. करकपातीचं खरेदीखताआधी सीएला विचारा, ग्रामीण शेतजमिनीचा नियम प्लॉटपेक्षा वेगळा आहे.

मिरज_म्युनिक | १२ जून, संध्याकाळी ६.४५

अपोस्टिलबद्दल एक भर. जर्मनी हेग करारात आहे, भारतही आहे, तरी या दोघांमध्ये अपोस्टिल चालत नाही, कारण भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली होती आणि ती अजून कायम आहे. इथले कित्येक मराठी लोक अपोस्टिलची चौकशी करत बसतात. म्युनिकमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे, सरळ तिथं जा.

अपशिंगेची_सून | १२ जून, रात्री ९.००

विषयाला थोडं सोडून विचारते, माफ करा. सासूबाई लष्करी कुटुंब निवृत्तिवेतन घेतात, नोव्हेंबरात त्या आमच्याकडे मस्कतला असतील. हयातीच्या दाखल्याचं काय करू?

पलूस_ते_दुबई | १२ जून, रात्री ९.२०

वहिनी, दूतावासात पेन्शनधारकाला हयातीचा दाखला देतात. पेन्शनची कागदपत्रं आणि पासपोर्ट घेऊन सासूबाईंना स्वतः न्या. केंद्राच्या पेन्शनधारकांत ज्यांचं वय ८० च्या पुढं आहे त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. वय तेवढं असेल तर गावीच देऊन मग विमानात बसवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाची तिथली धावपळ वाचेल.

तासगावची | १४ जून, रात्री १०.३०

काल भावाशी बोलले. दोन दिवस धीर होत नव्हता. आटपाडीच्या ताईंची गोष्ट त्याला नाव न घेता सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "अक्का, मी तो कागद वाचलाच नाही गं. वकिलांनी त्यांच्याकडचा तयार नमुना दिला, मी फोटो काढून तुला पाठवला." आणि मग त्यानंच मसुदा मोठ्यानं वाचायला घेतला. "हक्कसोड" शब्दावर थांबला आणि म्हणाला, "हे कशाला घातलंय? काढायला सांगतो."

मी इतके दिवस भीत होते ते याला. तो रागावला नाही. उलट म्हणाला, उद्या त्याच्या बायकोनं, माझ्या पोरांनी, कोणीही विचारलं तरी दाखवता येईल असाच कागद कर.

आता नवा मसुदा होतोय. काकांनी लिहिलेले सगळे मुद्दे त्याला पाठवलेत. धाकट्या बहिणीलाही. ती तिकडंच आहे, तिला मुखत्यारपत्र लागणार नाही, पण तिनंही आपला हिस्सा थेट खात्यात मागितलाय.

आटपाडीची_लेक | १४ जून, रात्री ११.००

ताई, वाचून डोळे भरून आले. माझं तर झालं ते झालं. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

शिराळा_पेठ | १५ जून, सकाळी ७.४०

मी लिहिलं ते मनापासून होतं, पण काकांचं पटलं. माझ्या त्या जुन्या कागदात मुदत नाही. एक विचारतो काका, तो आता रद्द करून लहान करायचा असेल तर?

कृष्णाकाठ | १५ जून, दुपारी १.१०

रद्दपत्र करायचं. परदेशात असाल तर तेही दूतावासातूनच, त्याच रीतीनं. मग भावाला लेखी कळवायचं आणि मिळकत ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत येते तिथं प्रत द्यायची. आधी भावाशी फोनवर बोला, नोटीस नंतर जाऊ द्या. आणि हे ध्यानात असू द्या की लिहून देणारा वारला की मुखत्यारपत्र संपतं. म्हणूनच दस्ताच्या वेळी मुखत्याराकडून घोषणापत्र घेतात की लिहून देणार हयात आहे आणि अधिकार रद्द झालेला नाही.

तासगावची | २७ जुलै, रात्री ९.१५

उशिरा कळवतेय. २६ जूनला दुबईत सही झाली. माझ्या वॉर्डातल्या दोन मैत्रिणी साक्षीदार म्हणून आल्या, एक कोट्टायमची, एक मंगळूरची. रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या. कागद इंग्रजी आणि मराठी दोन्हींत केला होता, त्यामुळं खिडकीवर समजावून सांगावं लागलं नाही. मी प्रत्येक पान तिथंच पुन्हा वाचलं आणि मगच सही केली, मागे रांग होती तरी.

४ जुलैला कुरिअर घरी पोचलं, पाकीट आईनं देवघरात ठेवलंय. सांगलीत अभिनिर्णय झाला, ५०० रुपयांचं चलन. दुय्यम निबंधकाकडे नावाचा प्रश्न विचारलाच, पण "उर्फ" आणि विवाहाचा दाखला होता म्हणून पाच मिनिटांत मिटलं. परवा खरेदीखत झालं. आईनं अंगठा दिला, भाऊ माझ्या वतीनं बसला. माझ्या हिश्श्याची रक्कम आज खात्यात दिसली. कर्जखात्यात किती भरायची ते मी आणि भाऊ रविवारी बोलून ठरवणार आहोत.

फेरफाराची नोटीस निघालीय, पंधरा दिवस हरकतीची मुदत आहे.

मिरज_म्युनिक | २८ जुलै, सकाळी ११.३०

ताई, अभिनंदन. माझ्या आत्याचं अगदी हेच काम आहे. नावं आणि गट नंबर काढून तुमच्या मुखत्यारपत्रातला मुख्य मजकूर इथं टाकाल का?

तासगावची | २८ जुलै, रात्री ८.५०

टाकते. तुमच्या वकिलांना दाखवूनच वापरा.

"मी लिहून देणार, …… उर्फ ……, माझा सख्खा भाऊ …… यांस कोणताही मोबदला न घेता, मौजे ……, ता. तासगाव, जि. सांगली येथील फक्त गट नं. …… या मिळकतीतील माझ्या अविभक्त हिश्श्यापुरते खास मुखत्यार नेमत आहे. सदर मिळकत एकूण रुपये …… पेक्षा कमी किमतीस विकू नये. खरेदीखतावर माझ्या वतीने सही करणे, दुय्यम निबंधक यांचेसमोर दस्त सादर करून कबुली देणे व फेरफाराकामी अर्ज व जबाब देणे एवढेच अधिकार आहेत. माझ्या हिश्श्याची रक्कम खरेदीदाराने थेट माझ्या खात्यात जमा करावी, ती स्वीकारण्याचा अधिकार मुखत्यारांस नाही. माझ्या इतर कोणत्याही मिळकतीबाबत या लेखाने कोणताही अधिकार दिलेला नाही. हे मुखत्यारपत्र सहीच्या तारखेपासून एक वर्ष अमलात राहील आणि त्याआधी ते केव्हाही रद्द करण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे."